‘रूल आउट’ म्हणजे काय हो मॅडम?

मध्य मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात मी गेली तेवीस वर्षं रिपोर्ट टाइप करते. डॉक्टर फिल्म बघून निदान खरडतात, मी ते इंग्रजीत टाइप करते, सही होते आणि कागद खिडकीतून बाहेर जातो. या सगळ्या वर्षांत माझ्या बोटांखालून सगळ्यांत जास्त वेळा गेलेले शब्द कोणते, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, ‘रूल आउट’. आमचे डॉक्टर मराठी बोलतानाही ते सोडत नाहीत. ‘एक एक्स-रे काढून रूल आउट करून घेऊ,’ असं दिवसातून शंभरदा कानावर पडतं. आम्हाला ते कळतं. खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्याला काय कळतं, हे मी नीट पाहिलं ते जूनअखेरच्या एका सोमवारी.

पावसाळा लागला की खोकला-तापाची गर्दी वाढतेच. रांग जिन्यापर्यंत गेली होती. आत जाणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, नवीन लग्न झालेली. छातीच्या एक्स-रेला गळ्यातलं काढावं लागतं, मणी आणि वाट्या फिल्मवर उमटतात. टेक्निशियनने सांगितल्यावर तिने मंगळसूत्र काढलं आणि शेजारी उभ्या असलेल्या सासूपुढे धरलं. सासूबाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी हातातली प्लास्टिकची पिशवी उघडून धरली आणि म्हणाल्या, “यात टाक.”

माझी खुर्ची दारालगतच आहे, त्यामुळे पिशवीतलं मला दिसलं. एक स्टीलची ताटली, एक पेला, वर पोह्यांचा डबा. ताटलीच्या काठावर मुलीचं नाव घातलेलं, लग्नात माहेरहून आलेली असणार. पण ती पिशवीत उपडी होती, आणि तिच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. घरात कुणाचं भांडं वेगळं ठेवायचं असलं की अशी खूण करतात, हे मला सांगावं लागलं नाही. मंगळसूत्र त्या ताटलीवर पडलं, त्याचा बारीक आवाज आला. मुलगी आत गेली.

मी विचारलं, “ताई, काय झालंय सुनेला?”

“आजार निघालाय ना मॅडम,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “मोठ्या डॉक्टरांनी लिहूनच दिलंय.” त्यांनी ब्लाउजमधून चौघडी केलेला केसपेपर काढला. त्यावर तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, असं लिहून खाली एक्स-रेची मागणी होती आणि तिच्यापुढे ‘टु रूल आउट कॉक्स’.

कॉक्स म्हणजे टीबी. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून तो त्यांच्या नावाचा आजार. आपल्याकडच्या डॉक्टरांनी हे नाव उचललं त्यामागे चांगलीच भावना होती. वॉर्डात रोग्यासमोर, नातेवाइकांसमोर ‘टीबी’ हा शब्द मोठ्याने उच्चारायला नको. पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. या बाईंचा धाकटा मुलगा नववीतला, शाळा बुडवून सोबत आला होता. त्याने कॉक्सचा अर्थ घरीच शोधला होता. राहिले दोन शब्द. तेही त्याने सोडवले होते आणि मला तो मन लावून सांगायला लागला. “रूल म्हणजे राज्य. इतिहासात ब्रिटिश रूल आहे ना, तसं. आउट म्हणजे बाहेर. म्हणजे टीबीने वहिनीच्या अंगात राज्य केलंय, तिला बाहेर ठेवा.”

त्या मुलाचं मला आजही कौतुक वाटतं. त्याने हातात होतं तेवढं सगळं वापरलं होतं. रूल माहीत, आउट माहीत, पण दोन्ही जोडीने आले की तिसरंच काहीतरी होतं, हे त्याला शाळेत कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि त्याच्या त्या भाषांतरावर काळाचौकीच्या एका खोलीत आठ दिवस घर चाललं होतं. सून माळ्यावर झोपत होती. तिची ताटली, पेला, टॉवेल वेगळा. माहेरी अजून कळवलं नव्हतं. “शिवडीला ठेवावं लागेल का हो?” सासूबाईंनी विचारलं. मुंबईत जुन्या माणसांना टीबी म्हटलं की शिवडीचं हॉस्पिटलच आठवतं.

मी सांगायला गेले आणि अडखळले. तोंडात आलं ते सरकारी मराठी, “क्षयरोग वगळण्यासाठी.” मुलगा लगेच म्हणाला, “वगळला म्हणजे टीममधून काढला तसा? म्हणजे होता आधी?” बरोबरच होतं त्याचं. वगळायचं म्हणजे आधी यादीत असलेलंच वगळायचं. डॉक्टरांच्या मनात तशी यादी असते, खोकला-ताप ऐकला की दहा आजारांची, आणि मग एकेक तपासून ते नावांवर फुली मारत जातात. ती यादी घरच्यांना कुठे दिसते? त्यांना त्यातलं एकच नाव कागदावर दिसतं, आणि कागदावर आलं म्हणजे ठरलं.

मग मी घरी बोलते तसं बोलले. “ताई, यात एवढंच लिहिलंय की टीबी तर नाही ना, ते बघून सांगा. झालाय असं कुणीच म्हटलेलं नाही.”

“नाही ना?” त्या म्हणाल्या. मी म्हटलेलेच दोन शब्द, पण त्यांच्या तोंडून ते प्रश्न म्हणून आले. मराठीतलं हे ‘नाही ना’ मी तोवर कधी इतकं जवळून ऐकलं नव्हतं. विचारणाराला शंका आहे, आणि नसावं अशी इच्छाही आहे, दोन्ही त्यात येतं. ‘टु रूल आउट’ला याहून नेमके शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

दुपारी एक वाजता तिचा रिपोर्ट टाइप करायला आला आणि माझे हात थांबले. उजव्या फुप्फुसात वरच्या भागात लहानसा डाग. खाली, ‘कॉक्स कॅनॉट बी रूल्ड आउट’.

या वाक्याची मला भीती वाटते, आणि तिला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या रिपोर्टात कॅन्सरबद्दल मी हेच वाक्य टाइप केलं होतं. त्यांच्या मुलाने ‘कॅनॉट’ वाचलं, ‘आउट’ वाचलं आणि कॅन्सर नाही असा अर्थ लावून वडिलांना गावी नेलं. ते परत आले तेव्हा दिवाळी उलटली होती. दोन नकार एकापुढे एक ठेवले की त्यांचा होकारही होत नाही आणि नकारही होत नाही, ‘असू शकतं, पुढची तपासणी करा’ एवढंच उरतं. मराठी वर्तमानपत्रांत ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ असं छापून येतं, ते हेच वाक्य मराठी कपड्यात. तिथेही शेवटचं ‘नाही’ डोळ्यांत भरतं आणि घाईत वाचणारा फसतो. तेव्हा मी कागद खिडकीतून दिला होता आणि पुढचा नंबर पुकारला होता. ते गृहस्थ मला अजून आठवतात.

रिपोर्टातला शब्द बदलण्याचा मला अधिकार नाही, तो नसावाच. मी कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “मॅडम, या बाईंना तुम्ही दोन मिनिटं तोंडाने सांगाल का?” समोर फिल्मची चळत होती. तरी त्या उठून खिडकीशी आल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी पाठ केलंय. डाग साध्या न्यूमोनियाचाही असू शकतो, टीबीचाही. एक्स-रेवरून नक्की कळत नाही, म्हणून थुंकी तपासायची, ती सीबीनॅट मशीनवर दोन तासांत होते आणि पालिकेत फुकट होते. टीबी निघालाच, तर साधारण सहा महिने गोळ्या, त्याही फुकट, आणि माणूस बरा होतो. “आणि काकू,” त्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, “फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटलीतून नाही पसरत. ताटली वेगळी करून काही मिळत नाही, त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवा, तिला खोकताना तोंडावर रुमाल धरू दे आणि पोटभर जेवू घाला.”

मुलगी तोपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती आठ दिवसांत पहिल्यांदा बोलली असावी, असं मला वाटलं. म्हणाली, “मग मी खाली झोपू का?” डॉक्टरांकडे नाही, सासूकडे बघून. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीत हात घातला, चाचपून मंगळसूत्र बाहेर काढलं आणि तिला दिलं.

थुंकीत जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी न्यूमोनियाची औषधं दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढायला सांगितलं.

ती तिघं पुन्हा आली तेव्हा मी रजिस्टर भरत होते. नाव पुकारलं गेलं. मुलीने गळ्यात हात घातला, आणि ती हूक सोडवते आहे तोवर सासूबाईंचा तळवा तिच्यापुढे आलेला होता. रिपोर्ट यायला अजून तासभर होता, टीबी आहे की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. काळे मणी त्यांनी बोटांभोवती गुंडाळून मुठीत घट्ट धरले आणि बाकावर बसून राहिल्या.

फिल्म स्वच्छ आली. मी टाइप केलं, ‘कॉक्स रूल्ड आउट’. मुलाने कागद माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

“मॅडम, परत तेच लिहिलंय.”

“नीट बघ.”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “शेवटी डी आहे.”

“मग?”

“म्हणजे बघून झालं.” तो आईकडे वळला. “आई, बघून झालं. नाहीये.”