पेरणीच्या तोंडावर ॲडमिशन

मृग लागला. बारावीच्या मार्कशीट आणि टीसी घरी आल्या, आणि गावात जो तो एकच विचारतो आहे: पोराला कॉलेजात टाकायचं का? याच पंधरवड्यात वावरात पेरणी. कपाशीचं बियाणं, सोयाबीनचं बी, खताच्या बॅगा, सगळं रोखीनं नाहीतर कृषी केंद्राच्या उधारीवर. कापसाचा चुकारा येणार दिवाळीच्या पुढे. घरात पैसा सर्वांत कमी असतो तेव्हाच आपल्याकडे फी भरायची वेळ येते.

माझं मत पक्कं आहे. कॉलेज करावं, पण पूर्ण होईल असं करावं. मध्येच सुटलेल्या डिग्रीइतकं महाग काही नाही. खोलीभाडं, मेस, दोन-तीन वर्षं, सगळं गेलेलं असतं आणि भरतीच्या अर्जात शिक्षण म्हणून बारावीच लिहावी लागते.

सुटते कशामुळे? अनुदानित कॉलेजातल्या बी.ए., बी.कॉम.ची फी सहसा कारण नसते. कारण असतं अपडाऊन. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला 66.67 टक्के सवलत मिळते, पण मुक्कामी गाडी बंद झाली की सकाळचे तास बुडतात. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला घरी थांबावं लागतं, पाठोपाठ कापूस वेचणी, आणि त्यालाच लागून हिवाळी परीक्षा. 75 टक्के हजेरी भरत नाही. दोन विषय राहतात, पुढच्या सत्रात आणखी दोन. वर्ष बुडालं की शिष्यवृत्तीही अडते. म्हणून कॉलेज निवडताना इमारत पाहण्याआधी पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते डेपोत विचारावं.

दुसरी अडचण कागदांची, आणि यात हुशार पोरंही अडकतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कृषी यांत राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता लागते, म्हणजे तो दाखला पडताळणी समितीनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र. ती जूनमध्ये मागायला जाऊ नये, अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाकावा. समितीला जुना पुरावा हवा असतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढावी. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर बहुधा जात लिहिलेली असते. त्या नोंदीत पणजोबांचं नाव एक आणि वंशावळीत दुसरं, असं झालं की फाईल थांबते. वडिलांकडच्या सख्ख्या चुलत्याची वैधता आधी झाली असेल तर तीच जोडावी, काम बरंच हलकं होतं.

महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज भरताना बँक खातं तपासायचं राहून जातं. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात कुठलंही खातं लिहा. कधीकाळी शिबिरात काढलेलं, पासबुकही हरवलेलं खातं जोडलेलं असेल तर रक्कम तिथे जाऊन पडते. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चनंतर नवा काढावा लागतो. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवायचं असतं. आणि शिष्यवृत्ती वेळेवर येईल हे धरून चालू नये, पहिलं वर्ष घरच्या पैशांवर निघेल इतकी तजवीज हवी.

मुलींच्या घरच्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. मुलीसाठी 'जवळचं बी.ए.' ठरवून टाकण्याआधी निदान कॅपचा अर्ज तरी भरा.

आता नोकरीचं. तलाठी व्हायला पदवी लागते. 2023 च्या भरतीत जागा साडेचार हजारांच्या घरात होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. पोलीस शिपायाला बारावी पुरते, पण मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचं असतं. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय. ज्याचे हात चांगले चालतात अशा पोराला तीन वर्षं इतिहास-समाजशास्त्रात बसवून ठेवणं मला पटत नाही. दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. अप्रेंटिसशिपमध्ये विद्यावेतन सुरू होतं, घराला तेवढाच टेकू.

ज्याला वावर सोडता येत नाही, त्यानं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी करावी. अभ्यासकेंद्र तालुक्याला मिळू शकतं, आणि ती पदवी एमपीएससीला चालते. पुस्तकं मात्र स्वतःच उघडावी लागतात, तेव्हा रोजची अभ्यासाची वेळ वखरणी-डवरणीच्या दिवसांतही मोडू नये.