फॅक्टरची बाटली घरी तयार करताना

हिमोफिलिया ‘ए’ असलेल्या मुलाच्या रक्तात, ते गोठण्यासाठी लागणारा आठव्या क्रमांकाचा घटक, म्हणजे आम्हा पालकांच्या बोलण्यातला ‘फॅक्टर’, पुरेसा नसतो. गुडघ्यात किंवा घोट्यात रक्तस्राव सुरू झाल्यावर तो जितक्या लवकर शिरेतून दिला जाईल तितके सांध्याचे नुकसान टळते, म्हणून अनेक पालक हिमोफिलिया केंद्रात नर्सच्या देखरेखीखाली शिकून, डॉक्टरांच्या संमतीने घरीच इंजेक्शन देतात. सगळ्यांना धास्ती असते ती शीर सापडेल की नाही याची. माझ्या मते त्याइतकेच लक्ष त्याआधीच्या कामाकडे, म्हणजे बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवण्याकडे द्यायला हवे. मूल कळवळत असताना ते कसेबसे उरकावेसे वाटते आणि नेमके तेच घाईने बिघडते.

फॅक्टर साधारणपणे 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात. गोठलेली बाटली वापरायची नसते, त्यामुळे ती बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातून एसटीने आणताना बर्फाची पिशवी व बाटली यांच्यात कापडाची घडी असावी. वापरण्यापूर्वी पावडर आणि सोबतचे निर्जंतुक पाणी, दोन्ही बाटल्या बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. गरम पाण्यात बुडवून हा वेळ वाचवू नये. तेवढ्यात मुदत आणि युनिटचा आकडा वाचून होतो. सरकारी रुग्णालयातून दर वेळी एकाच कंपनीचा फॅक्टर मिळेल असे नसते, आणि कंपनी बदलली की पाण्याचे प्रमाण व जोडणीचे साहित्यही बदलू शकते. त्यामुळे पत्रकातली अक्षरे कितीही बारीक असली, आणि ती संतापजनक बारीक असतात, तरी ती वाचावीच लागतात. आधीच्या खोक्यातले उरलेले पाणी किंवा घरात पडून असलेले सलाईन त्याऐवजी चालत नाही.

टेबल पुसून, पंखा बंद करून, साबणाने हात धुऊन मगच झाकणे काढावीत. रबरी बूच स्पिरिटच्या स्वॅबने पुसल्यावर आपोआप वाळू द्यावे. इथे फुंकर मारण्याची सवय फार जणांना असते, आणि तोंडातले जंतू पुसलेल्या जागी परत नेण्याचा तो सोपा मार्ग आहे. दुतोंडी सुई असेल तर ती आधी पाण्याच्या बाटलीत खुपसायची आणि मग ती बाटली उलटी करून पावडरच्या बाटलीवर आणायची, कारण पावडरच्या बाटलीत निर्वात पोकळी असते व तीच पाणी आत ओढून घेते. क्रम चुकला तर पोकळी आधीच निघून जाते. क्रम बरोबर असूनही पाणी ओढले गेले नाही, तर ती बाटली बाजूला ठेवून केंद्राला फोन करावा.

पाणी बाटलीच्या कडेने ओघळेल अशी ती किंचित तिरकी धरावी आणि नंतर हलक्या हाताने गोल फिरवावी. ताक घुसळल्यासारखी ती हलवली तर फेस येतो, आणि फॅक्टर हे प्रथिन असल्यामुळे त्याला असा धसमुसळेपणा सोसत नाही. पावडर विरघळायला काही मिनिटे लागतात. ती लागू द्यावीत. मग बाटली उजेडासमोर धरून पाहावी. कण तरंगत असतील किंवा द्रावण पत्रकात सांगितल्यापेक्षा गढूळ दिसत असेल, तर ते देऊ नये. द्रावण गाळणीच्या सुईतून सिरिंजमध्ये ओढतात, पण त्या सुईने इंजेक्शन द्यायचे नसते. शिरेसाठी बटरफ्लाय, म्हणजे पंखांसारखी पकड आणि बारीक नळी असलेली सुई, वेगळी जोडावी.

एवढे महाग औषध थोडे उरले तर उद्यासाठी ठेवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकदा कालवलेला फॅक्टर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवत नाहीत आणि बहुतेक उत्पादनांच्या बाबतीत तो 3 तासांच्या आत द्यावा लागतो. मात्रा मुलाच्या वजनावरून आणि रक्तस्राव कुठे आहे त्यावरून डॉक्टर ठरवतात. शक्यतो पूर्ण बाटल्यांच्या हिशेबात बसेल अशी मात्रा त्यांच्याकडूनच आधी लिहून घ्यावी. डोक्याला मार, पोटात दुखणे किंवा मानेवर सूज असेल, तर घरी डोस देऊन थांबायचे नसते. रुग्णालय लगेच गाठायचे असते.

बाटलीवरचा बॅच क्रमांक, तारीख, वेळ आणि कोणता सांधा सुजला ते वहीत लिहावे. फॅक्टरचा परिणाम कमी होऊ लागला, तर डॉक्टर याच नोंदी पाहून इनहिबिटरची, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या शरीरातल्या प्रतिपिंडांची, तपासणी करायची का ते ठरवतात. सुईला टोपण पुन्हा लावू नये. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवून पुढच्या भेटीत रुग्णालयात द्याव्यात, कारण घंटागाडीतला कचरा कोणीतरी हाताने वेगळा करत असतो.