बेसुयोच्या अंगणात श्रावणबाळ

"अस्वलं बघायला आलात ना?" कांगास देल नार्सेआमध्ये हा प्रश्न मला तिघांनी विचारला. लॉजच्या मालकिणीनं किल्ली देताना, बेकरीतल्या मुलीनं पाव बांधून देताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीवाल्यानं. त्यांचं काही चुकत नव्हतं. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात तपकिरी अस्वलं आहेत, जवळच मुनिएयोसचं ओकचं जुनं जंगल आहे. इथवर येणारा परका माणूस त्यासाठीच येतो. मी म्हटलं, मला बेसुयोला जायचंय. टॅक्सीवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बेसुयोत तुमचं कोण आहे?"

कोण आहे ते मला धड सांगता येईना.

पुण्यात स्पॅनिश शिकत होते तेव्हा दुसऱ्या वर्षी आमच्या बाईंनी एक नाटक वाचायला दिलं होतं, 'लोस आर्बोलेस मुएरेन दे पिए'. म्हणजे, झाडं मरतात ती उभ्यानं. नातू वाया गेलेला, घर सोडून गेलेला. आजीला ते सोसणार नाही म्हणून आजोबा वर्षानुवर्षं त्याच्या नावानं स्वतःच पत्रं लिहून तिला पाठवतात. शेवटी खरा नातू पैसे मागायला दारात उभा राहतो. आजी त्याला हाकलते, आणि आपल्याला सगळं कळलंय हे ज्यांनी तिच्यासाठी खोटं रचलं त्या पोरांना कळू देत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. आमच्या घरातही धाकट्या काकांबद्दलची एक गोष्ट आजीपासून लपवलेली होती. नाटक मिटून मी आजीजवळ जाऊन बसले, ती शेंगा सोलत होती, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हिला ठाऊक असणार. मी विचारलं नाही. आता आजी नाही.

त्या नाटककाराचं नाव आलेहान्द्रो कासोना. जन्मनाव रोद्रिगेस आल्वारेस. १९०३ साली बेसुयोत जन्मला, आईवडील दोघंही शाळाशिक्षक. गावातल्या ज्या मोठ्या घरात ते राहत त्याला लोक 'ला कासोना' म्हणत. आपल्याकडे 'वाडा' म्हणतात ना, तसं. लेखक झाल्यावर त्यानं तेच नाव घेतलं. घराचं नाव लावलेला हा माणूस स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ साली, देशाबाहेर पडला. एका नाटक कंपनीबरोबर मेक्सिको, क्युबा आणि दक्षिण अमेरिकेतले देश फिरत १९३९ मध्ये ब्यूनोस आयरेसला पोचला आणि तिथेच राहिला.

माद्रिदचे चार दिवस ऊन आणि रांगा यांत संपले. त्यातली एकच गोष्ट लिहायची आहे, कारण तिचा राग अजून गेलेला नाही. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मी कासोनाची नाटकं मागितली. दुकानदार चांगला वाचणारा माणूस होता, निम्मं दुकान त्याला तोंडपाठ होतं. तो म्हणाला, "कासोना? गोड गोड लिहायचा. पळवाटेचं नाटक." आणि मला दुसऱ्याच कुणाची तरी पुस्तकं काढून दाखवू लागला.

हे मत त्याचं एकट्याचं नाही. २२ एप्रिल १९६२ ला माद्रिदच्या बेयास आर्तेस थिएटरात कासोनाचं 'ला दामा देल आल्बा', म्हणजे पहाटेची बाई, हे नाटक लागलं तेव्हा प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत वाढलेल्या तरुण समीक्षकांना त्याची निराशा वाटली. देशाबाहेर घालवलेल्या लेखकाकडून त्यांना आजच्या स्पेनबद्दल काही ऐकायचं होतं, आणि हा आला तो परीकथेसारखी नाटकं घेऊन. त्यांचा राग मला समजतो. पण म्हणून त्याला पळपुटा ठरवणं मला मान्य नाही.

हा माणूस शाळा-तपासनीस होता. पिरेनीज पर्वतात, आरानच्या खोऱ्यात नेमणूक झाली तिथे त्यानं खेड्यातल्या पोरांची नाटकमंडळी काढली. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं आणि 'मिसिओनेस पेदागोखिकास' ही मोहीम सुरू झाली. जिथे रस्ता नाही, वीज नाही, तिथे पुस्तकं, सिनेमा, प्रादो संग्रहालयातल्या चित्रांच्या प्रतिकृती आणि नाटक न्यायचं. पाच हजारांवर छोटी ग्रंथालयं या लोकांनी खेडोपाडी पोचवली. लोकनाट्याच्या पथकाचा प्रमुख होता कासोना. नट म्हणजे विद्यापीठातले विद्यार्थी. सुट्टीच्या दिवशी ट्रकमध्ये फळ्या आणि कपडे टाकून निघायचं, चौकात रंगमंच उभा करायचा आणि सेर्वान्तेसचे, लोपे दे रुएदाचे छोटे विनोदी प्रवेश करायचे. १९३४ मध्ये सानाब्रिया तळ्याकाठच्या सान मार्तिन दे कास्तान्येदा या गावात ते पोचले आणि समोर होती उपाशी, आजारी माणसं. या लोकांना भाकरी आणि औषध हवंय, आणि आपल्या झोळीत आहेत फक्त गाणी आणि कविता, ही बोच त्यानं पुढे लिहून ठेवली. त्याच वर्षी त्या गावात वेगळी मोहीम गेली, औषधपेटी आणि शाळेतल्या मुलांच्या जेवणाची सोय घेऊन. असा माणूस पळवाटेचा? मी दुकानदाराला एवढंच म्हणाले की मला कासोनाच हवाय. पाच युरोला एक पिवळं पडलेलं पुस्तक मिळालं. 'फ्लोर दे लेयेंदास', दंतकथांचं फूल. नाटक नव्हतं ते. मुलांसाठी जगभरातल्या कथा कासोनानं पुन्हा सांगितलेल्या, १९३२ चं राष्ट्रीय साहित्य पारितोषिक मिळालेलं पुस्तक. घेतलं आणि पिशवीत टाकलं.

ओविएदोत एक रात्र. सायडर उंचावरून पेल्यात ओततात ते बघायला गर्दी एवढी की मी अर्ध्या तासात खोलीवर परतले. दुसऱ्या दिवशी कांगासची बस. उजवीकडे-डावीकडे नदी, चेस्टनटची झाडं आणि मध्येच कोळशाच्या खाणींच्या खुणा. बहुतेक खाणी आता बंद आहेत. बसमध्ये मी ते पिवळं पुस्तक उघडलं आणि अनुक्रमणिकेवर बोट अडकलं. शकुंतलेची अंगठी. नल आणि दमयंती. आणि 'ला मुएर्ते देल निन्यो मुनी', म्हणजे मुनी नावाच्या मुलाचा मृत्यू. हा मुनी कोण? पान उघडलं. रात्रीचा अंधार, नदीत घडा बुडताना होणारा आवाज, राजाचा बाण. तो आपला श्रावणबाळ होता.

शकुंतला भेटली याचं नवल वाटलं नाही. आपली संगीत रंगभूमी १८८० मध्ये तिच्याच बोटाला धरून उभी राहिली, आणि ती जगभर पोचलेली आहे. पण श्रावणबाळ? तो मला आजीच्या मांडीवर भेटलेला, पुस्तकात भेटलेला नव्हे. वाल्मीकी रामायणात त्या मुलाला नाव नाही, तो नुसता मुनीचा मुलगा. कासोनानं 'मुनी' हेच त्याचं नाव केलं. बस वळणं घेत होती, मला वाचताना मळमळत होतं, तरी पुस्तक मिटवेना.

बेसुयो म्हणजे उतारावरची दगडी घरं, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, खांबांवर उचललेली धान्याची कोठारं आणि सगळीकडून येणारा पाण्याचा आवाज. या पाण्यावर पूर्वी लोखंड ठोकायचे घण चालत. माणूस दिसेना. टॅक्सीवाला दोन तासांनी येतो म्हणून गेला होता. मी कासोनाच्या खुणा शोधत वर-खाली फिरले, दोनदा चुकून कुणाच्या गोठ्यापाशी गेले. कुत्रं भुंकलं. तेव्हा वरच्या अंगणातून हाक आली, "कुणाला शोधतेस गं पोरी?"

ऐंशीच्या आसपासच्या बाई होत्या. त्यांची स्पॅनिश ऐकून मी चमकले, अस्तुरियासची वाटेना, बोलण्याला ब्यूनोस आयरेसचा हेल. बाकावर बसवून त्यांनी हातात भोपळ्याचं भांडं आणि धातूची नळी दिली. माते. अर्जेंटिनाचा तो कडू, गरम काढा, अस्तुरियासच्या डोंगरात. माझा चेहरा बघून त्यांनीच सांगितलं. चार वर्षांची असताना आईवडिलांबरोबर बोटीनं गेले, तिथे शाळा, लग्न, नोकरी सगळं झालं, नवरा गेल्यावर आईच्या घरी परतले. या भागातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट. त्यांची आई तिकडे एका घरी स्वयंपाकाला होती. साठवलेल्या पैशांतून तिनं आतेनेओ थिएटरात 'लोस आर्बोलेस' पाहिलं होतं आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. बाईंनी ते हातात घेतलं, मुखपृष्ठावरून तळवा फिरवला. "हे आम्हाला शाळेत होतं. तिकडे. इथल्या पोरांना नव्हे, तिकडच्या." मग माझ्याकडे निरखून बघत त्या म्हणाल्या, "तू भारतातली ना? मग मुनी तुमचाच. त्याच्यापायी मी वर्गात रडले होते. बाई ओरडल्या होत्या मला."

माझ्या घशात माते अडकला. मी विचारलं, कावड आठवते का? त्यांना कावड माहीत नव्हती. मग मी अंगणातली काठी उचलली, दोन्ही टोकांना दोन टोपल्या अडकवल्या, खांद्यावर घेतली आणि सांगितलं की आमच्याकडे तो आंधळ्या आईबापांना असा खांद्यावर घेऊन काशीला निघतो. त्यांना तहान लागते, तो कावड झाडाखाली उतरवतो आणि पाणी आणायला जातो. बाई टोपल्यांकडे बघत होत्या. "दोघांना? एकटा?" हो, दोघांना.

मग मी 'ला दामा देल आल्बा'चा विषय काढला. कारण मला तिथे बसल्या बसल्याच दिसलं की तेही नाटक पाण्याचंच आहे. अस्तुरियासमधलं एक गाव, नदीत बुडालेली लेक, चार वर्षं प्रेत सापडलेलं नाही आणि आई वाट बघत बसलेली. दारात एक यात्रेकरू बाई येते, ती मृत्यू. घरातली पोरं तिला खेळायला ओढतात, हसवतात, आणि ती दमून झोपी जाते, ज्याला न्यायला आली त्याची वेळ टळून जाते. आजोबा तेवढे तिला ओळखतात, खाणीतल्या स्फोटाच्या दिवशी त्यांनी तिला पाहिलेलं असतं. तेल्वा नावाची मोलकरीण आहे, तिचे सात मुलगे एकाच दिवशी खाणीत गेलेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ब्यूनोस आयरेसच्या आवेनिदा थिएटरात पहिला प्रयोग झाला तेव्हा ती यात्रेकरू झाली होती मार्गारिता शिर्गू. तीही परागंदाच, ती पुढे मायदेशी परतलीच नाही, १९६९ मध्ये मोन्तेविदेओत वारली. अर्पणपत्रिकेत कासोनानं लिहिलंय: माझ्या अस्तुरियासच्या भूमीला, तिथल्या निसर्गाला, माणसांना, आत्म्याला. समुद्रापलीकडून.

"नदी इथलीच आहे ती," बाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात कुठलीही असेल. पण आम्हाला माहीत आहे."

मी त्यांना श्रावणाची पुढची गोष्ट सांगितली, कारण कासोनाचं पुस्तक वाचणाऱ्याला ती कळेलच असं नाही. आंधळा बाप राजाला शाप देतो, तूही असाच पुत्रशोकानं मरशील. तो शाप फळतो. राजाच्या मुलाला राज्याऐवजी वनवास मिळतो, आणि राजा त्याच्या नावानं झुरत प्राण सोडतो. आमच्याकडचा सगळ्यांत मोठा वनवास त्या एका बाणापासून निघतो. १९३२ मध्ये ही कथा मुलांसाठी लिहिणाऱ्या तरुण तपासनिसाला पाच वर्षांनी आपल्यालाही देश सोडावा लागणार हे कुठून ठाऊक असणार?

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"चौदा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "चौदाच? कासोनाला पंचवीस लागली."

आणि परतल्यावर किती मिळाली, ते त्यांनी मोजलं नाही, मी मनात मोजलं. १९६२ ला आला, पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये कायमचं बिऱ्हाड केलं, केवेदो या कवीवरचं नवं नाटक १९६४ ला आलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये कासोना वारला. तीन-साडेतीन वर्षं. त्यातही पळवाटेचा शिक्का बसायचा तो बसलाच.

बाईंनी आतून फ्रिक्सुएलोस आणले, आपल्या धिरड्यांसारखे, वर साखर भुरभुरलेले. मी चार खाल्ले. कासोनाचं घर कुठे, असं विचारल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून हात करून दाखवलं आणि म्हणाल्या, जाऊन ये हवं तर. मी गेले नाही. दोन तासांतली पंचवीस मिनिटं उरली होती आणि मला त्या अंगणातून उठावंसं वाटत नव्हतं. इतक्या लांब येऊन घराच्या उंबऱ्याशी गेले नाही याबद्दल पुण्यातल्या मैत्रिणी मला अजून बोलतात.

पुस्तक मी त्यांना ठेवून घ्या म्हटलं. त्यांनी ते उघडून मुनीचं पान काढलं, ओठ हलवत थोडं वाचलं आणि मग वर बघून विचारलं, "त्या म्हाताऱ्यांना पाणी कुणी दिलं मग?"

"राजानं आणलं. त्यांनी घेतलं नाही."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाई काही न बोलता उठल्या, माझी रिकामी बाटली मागून घेतली आणि नळाखाली धरली.