फाउंड्रीच्या कामाचा संगणक जुळवताना पहिला पैसा मेमरीवर

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये (ओतकामाच्या कारखान्यांमध्ये) पॅटर्न, म्हणजे मोल्ड घडवायचा नमुना, करायला टाकण्याआधी वितळलेला धातू मोल्डमध्ये (साच्यात) कसा भरेल आणि कोणत्या क्रमाने गोठेल, हे संगणकावर तपासून घेण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. त्यामुळे उद्यमनगरात मेथडिंगचे, म्हणजे धातू साच्यात कसा ओतायचा हे ठरवण्याचे, काम करणाऱ्या माझ्यासारख्याला, या कामासाठी वर्कस्टेशन जुळवायचे तर कोणते भाग घ्यावेत, हे अनेकदा विचारले जाते. विचारणारा बहुधा ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतो. माझे मत नेमके उलटे आहे: या मशीनमध्ये कार्डाचा विचार शेवटी करावा आणि पहिला पैसा मेमरीवर (रॅमवर) घालावा.

याचे कारण मेशमध्ये, म्हणजे संगणक कास्टिंगचे ज्या लहान लहान घनांत (सेलमध्ये) तुकडे करून हिशेब करतो त्या जाळ्यात, आहे. रायझरची, म्हणजे गोठताना आकसणाऱ्या कास्टिंगला (ओतीव भागाला) जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याची, मान कास्टिंगच्या आधी गोठते की नंतर, हे खात्रीने पाहायचे असेल तर तिथला मेश बारीक करावा लागतो. सेलची बाजू ४ मिलिमीटरवरून २ मिलिमीटरवर आणली की सेलची संख्या दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणजे २० लाख सेलचा जॉब १ कोटी ६० लाखांवर जातो आणि त्या प्रत्येक सेलचे तापमान, दाब, गोठण्याचे प्रमाण हे सगळे मेमरीत ठेवावे लागते. मेमरी अपुरी पडली की संगणक उरलेली माहिती एसएसडीवर ठेवू लागतो, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी मेमरीच्या जवळपासही पोहोचत नाही. संध्याकाळी लावलेला जॉब सकाळी अर्ध्यातच दिसतो, तो बहुतेक वेळा यामुळे.

मेमरी किती, याइतकेच ती प्रोसेसरपर्यंत किती वेगाने पोहोचते हेही महत्त्वाचे आहे. एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्स या प्रोसेसरमध्ये १६ कोअर (एकाच वेळी वेगवेगळे हिशेब करणारे भाग) आहेत, पण मेमरीचे चॅनल, म्हणजे तिच्याकडे जाणाऱ्या वाटा, दोनच. सॉल्व्हर (सॉफ्टवेअरचा प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग) चालू असताना सगळे कोअर त्याच दोन वाटांवरून माहिती मागतात आणि एका मर्यादेनंतर वाढीव कोअर नुसते थांबून राहतात. त्यातच चारही स्लॉट भरले की या प्रोसेसरसाठी मेमरीचा अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० मेगाट्रान्सफर प्रतिसेकंदापर्यंत उतरतो. म्हणून ‘आत्ता दोन घ्या, पुढे आणखी दोन बसवू’ हा दुकानातला सल्ला मला पटत नाही. सुरुवातीलाच ४८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. ज्यांचे जॉब खरोखरच त्याहून मोठे आहेत त्यांनी एएमडीच्याच चार चॅनलच्या थ्रेडरिपर प्रोसेसरकडे वळावे, मात्र तिथे बोर्ड आणि मेमरी दोन्हींचा खर्च पुष्कळ वाढतो. कोअरवर पैसे घालण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरचा परवानाही वाचावा, कारण काही परवाने ठरावीक कोअरपलीकडे सॉल्व्हर चालूच देत नाहीत.

रात्रभर चालणाऱ्या कामासाठी मी ईसीसी, म्हणजे माहितीतली चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या, मेमरीचा आग्रह धरतो. डीडीआर५ या मेमरीच्या प्रकारात चिपच्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असतेच, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात झालेली चूक तिला कळत नाही. ते काम पूर्ण ईसीसीचे. त्यासाठी बोर्डाचा पाठिंबा लागतो, तेव्हा उत्पादकाच्या यादीत तो स्पष्ट लिहिलेला असेल तरच बोर्ड घ्यावा.

कार्डाचे म्हणाल तर सॉल्व्हर प्रोसेसरवर चालत असेल तोवर मॉडेल फिरवून पाहणे आणि निकालाचे रंगीत चित्र उमटवणे एवढेच त्याचे काम राहते. त्याला एनव्हिडियाचे १६ जीबीचे आरटीएक्स २००० एडा कार्ड पुरून उरते. ते जेमतेम ७० वॅट घेते, त्यामुळे त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र कोल्हापुरात काटकसर करू नये. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की दुपारनंतर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि फाउंड्रीच्या आवारात तर व्होल्टेजचे चढउतार रोजचेच. चांगल्या पॉवर सप्लायला शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर) देणारा ‘ऑनलाइन’ प्रकारचा, म्हणजे वीज जाताना क्षणभरही खंड न पडू देणारा, यूपीएस मानवतो. स्वस्त यूपीएसच्या पायरीदार वेव्हवर काही सप्लाय नेमके वीज गेल्याक्षणीच बंद पडतात.

कॅबिनेट शक्यतो मोल्डिंगच्या शेडपासून लांब ठेवावे. वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि कोळशाची भुकटी यांची तिथली काळी धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांमध्ये बसली की फुंकर मारून निघत नाही, ब्रशच घ्यावा लागतो. हवा आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत आणि आत ओढणाऱ्या प्रत्येकाला जाळी लावावी, म्हणजे फटींतून धूळ आत खेचली जात नाही.

मशीन जुळून आले की दुकानदाराला सांगून रात्रभर मेमरीची चाचणी लावावी. त्यानंतर आपल्याकडचा सर्वांत मोठा जुना जॉब त्यावर पूर्ण चालवून वेळ आणि प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवावे, आणि प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक बिलावर आला आहे ना, हे पाहूनच उरलेले पैसे द्यावेत.