भिगवणला ऑक्टोबरात नावेत बसू नका

आधी महत्त्वाचं सांगतो. उजनी धरण भरलेलं असताना भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाऊ नका. मी गेलो आणि एकही दिसला नाही.

पहाटे साडेतीनला दुचाकीवर पुणं सोडलं. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोचलो. आदल्या दिवशी नाववाल्याला फोन केला होता, तेव्हा तो म्हणाला होता, "या की, शे-दोनशे आहेत." नावेचे आठशे ठरले होते, दोघांचे मिळून, दोन तासांचे. काठावर आल्यावर ते माणशी आठशे झाले. हुज्जत घालण्यात सकाळची सगळ्यात चांगली वीस मिनिटं गेली आणि शेवटी सोळाशे मोजले. अजून राग गेलेला नाही. पैशांपेक्षा जास्त राग याचा आहे की समोरचं पाणी रोज बघणारा माणूस फोनवर "शे-दोनशे आहेत" बोलला.

कारण धरण काठोकाठ भरलेलं होतं. रोहित पायाने गाळ ढवळतो आणि चोच उलटी बुडवून खातो. त्याला चालता येईल एवढंच उथळ पाणी लागतं. कालव्यांतून पाणी सुटत जातं, काठ उघडा पडतो, लोक त्या गाळात पेरणी करायला, म्हणजे गाळपेरीला, उतरतात, तेव्हा कुठे थवे बसतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीनंतर. लोक टाकतात ते फोटो फेब्रुवारी-मार्चचे असतात, महिना बघून घ्या.

नावेतले दोन तास फुकट गेले. इंजिन चालू केलं की बदकं दोनशे मीटरवरूनच उठायची. बंद करायला सांगितलं तर वाऱ्याने नाव बुडालेल्या वेड्या बाभळींत शिरली आणि पंख्यात फांदी अडकली. अर्धा तास तिथेच, डोक्यावर ऊन. त्या बाभळींवरचे पाणकावळे तेवढे जवळून दिसले.

मग उतरलो आणि काठाकाठाने पायी निघालो. खरा दिवस तिथून सुरू झाला. उसाच्या कडेला तुंबलेल्या पाण्यात शेकाटे, पिवळे धोबी, तुतवार असे काठावरचे छोटे-मोठे पक्षी. आडोशाला भुवई बदकांचा थवा. ही बदकं सगळ्यांच्या आधी येतात, पण नराची पांढरी भुवई आत्ता शोधू नका. पिसं बदलायची असतात, नर-मादी सारखेच दिसतात. थापट्या बदक मात्र चोचीवरून ओळखू येतं.

आणि ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी! डोक्यावरून गेला, पंजात चिलापी मासळी, मुंडकं पुढे करून धरलेली. मी ओरडलोच. त्या एका क्षणासाठी पुन्हा साडेतीनला उठेन.

दुपारनंतर कडबनवाडीचा माळ केला. भोवत्ये (माळावरचे शिकारी पक्षी) दिसले, छान झालं.

जाणार असाल तर नावेऐवजी स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) न्या, पायीच फिरा. काठाची काळी माती वरून वाळलेली दिसते, पण घोट्यापर्यंत आत घेते, म्हणून गुरांच्या पायवाटेवरूनच चाला. साडेनऊनंतर पाण्यावर हवा इतकी थरथरते की दुर्बिणीत काही ओळखू येत नाही, तेव्हा सहाला काठावर असा. नाव घ्यायचीच असेल तर जानेवारीनंतर घ्या. भाव एकूण की माणशी ते फोनवर विचारा, मेसेजवर लिहून घ्या, आणि पाणी किती उतरलंय त्याचा त्याच दिवशीचा फोटो मागवा. फोटो पाठवायला टाळाटाळ केली तर दुसरा नाववाला बघा.