खडीवरचा कॅटलॉग

शाळेच्या स्मरणिका मंडळाचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, लिहीन, पण सरांचं नाव घालणार नाही. नाव छापलेलं त्यांना खपायचंच नाही. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर गवंड्यानं हौसेनं कोरलेली त्यांच्या नावाची ओळ सरांनी छिन्नी मागवून स्वतःसमोर खरवडून घेतली होती. व्हरांड्यात ती खरबडीत जागा अजून आहे, बघून घ्या. तेव्हा इथंही नुसतं हेडसर.

मी आठवीत गेलो ते साल १९७२. माण तालुक्याला दुष्काळ काही नवा नाही, पण त्या सालानं थोरामोठ्यांचीही मोजदाद चुकवली. विहिरी खरवडून झाल्या. आमची बैलजोडी म्हसवडच्या बाजारात गेली आणि वडील मोकळा कासरा खांद्यावर टाकून चालत परत आले. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत हातातच मोडायची. गावाच्या वर पाझर तलावाचं काम निघालं, शेजारी खडीचं. एकेक घर तिकडं चाललं. माझं नाव मस्टरवर नव्हतं, वय बसत नव्हतं, पण आईच्या ढिगावर दोन हात जास्त पडले तर संध्याकाळी ढीग मोठा दिसतो, एवढा हिशेब मला कळत होता.

दिवाळीनंतर आठवीच्या वर्गात सत्तेचाळीसपैकी एकोणीस पोरं उरली. यावर एक सोपा तोडगा होता आणि तो स्टाफरूममध्ये निघालाही. पोरं असू देत खडीवर, आपण हजेरीचा कॅटलॉग भरून टाकू. साहेब तपासणीला येतील तेव्हा बघू. हे मला शिपाईमामांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सर एवढंच म्हणाले म्हणे, "कॅटलॉगात खोटं लिहायचं नाही. आणि पोरंही बुडवायची नाहीत." झालं, बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सर सायकलवरून बांधावर आले. कॅरिअरला सुतळीनं बांधलेला लाकडी फळा, हँडलला पिशवी, पिशवीत खडू आणि तांबड्या पुठ्ठ्याचा कॅटलॉग. जेवणाच्या सुट्टीला जोडून आणखी अर्धा तास मुलांना सोडा, असं त्यांनी मुकादमाला सांगितलं. मुकादम काही संत नव्हता. पण त्याला मस्टरची बेरीज जमत नसे, दर आठवड्याला रात्र जागवावी लागे. सर म्हणाले, तुमच्या बेरजा मी तपासून देतो. सौदा ठरला.

फळा बाभळीला टेकवून शाळा भरली. पहिल्याच आठवड्यात घनफळ आलं. पुस्तकातला इष्टिकाचितीचा आकार बाजूला ठेवून सरांनी आम्हाला खडीच्या ढिगाकडं नेलं. लांबी, रुंदी, उंची. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. बायका भाकरी खाता खाता बघत होत्या. हाताला चिंध्या बांधलेल्या, दगड उडू नये म्हणून भोवती ठेवायचं सायकलच्या टायरचं कडं मांडीशी. आईनं विचारलं, "मास्तर, मग माझा ढीग किती भरतो?" सरांनी खडू तिच्याच हातात दिला. गुणाकार तिला येत नव्हता, तो मी केला. त्या शनिवारी मोजणीच्या वेळी आई पट्टीवाल्याला म्हणाली, "उंची बी लावा की." गावातल्या बाईनं मोजणीवर तोंड उघडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढच्या आठवड्यात चार-पाच जणींच्या पदराला गाठी मारलेली सुतळी दिसायला लागली, एक गाठ म्हणजे एक फूट.

इतिहासाचा तासही तसाच. राजेवाडीचा तलाव आम्ही जन्मापासून बघत आलेलो. तो १८७६-७७ च्या दुष्काळात असाच लोकांच्या हातून सुरू झाला, हे तिथं कळलं. तुमच्या खापरपणज्यांनी ती माती वाहिली असेल, असं सर म्हणाले आणि लगेच प्रश्न विचारायला लागले, भारावून बसायला वेळ दिला नाही.

सर स्वतः साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात वाढलेले. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं, हे सगळं आम्हाला पाठ्यपुस्तकाआधी सरांकडून पाठ झालं. पोरांच्या पोटाला धान्य नव्हतं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ही गोष्ट लोक व्यासपीठावर गहिवरून सांगतात. सर ती किराणामालाच्या यादीसारखी सांगत. मला तीच तऱ्हा खरी वाटते. ज्यानं ते अन्न खाल्लं त्याला गहिवरायची काय गरज?

सर देव नव्हते, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर त्यांनाच आवडणार नाही. १९७५ ला दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली, ती आमची तुकडी. जानेवारीपासून आम्ही पोरं रात्री शाळेतच अभ्यासाला. पेट्रोमॅक्सला पंप मारायची पाळी लावलेली, पहाटे चारला सरांच्या बॅटरीचा झोत तोंडावर. मुलींना मात्र रात्रीच्या अभ्यासाला बंदी. लोक काय म्हणतील, हे एकच उत्तर. दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण दहावीला बसली. घरी रॉकेलची चिमणी एकच, तीही स्वयंपाकाला. गणितात सहा मार्कांनी गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं. खडीवर बायकांच्या हाती खडू देणारा माणूस स्वतःच्या शाळेच्या दारात का कचरला, मला अजून उमगलेलं नाही. बहिणीनं ते कधीच सोडून दिलं. मला जमलं नाही.

गावाचं म्हणाल तर सर कुठल्याच पदावर नव्हते. पण वाटणीचा कागद, मुंबईची मनिऑर्डर, पोरीचं स्थळ, सगळं त्यांच्या ओट्यावरून जायचं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि परळ-लालबागची बिऱ्हाडं ट्रंका घेऊन गावी उतरली, त्यात माझा थोरला भाऊही होता. पोरांच्या हातात शाळेचे दाखले नव्हते, वर्ष अर्ध्यावर. सरांनी वर्गाची दारं उघडी ठेवली: आधी बसा, दाखला मागवू. मुंबईच्या शाळांना त्यांनी किती पत्रं पाठवली, ते पोस्टमनला विचारा, असं भाऊ म्हणतो. आता पोस्टमनही राहिला नाही. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाला शाल घेतली, थैली परत केली.

या लेखासाठी गेल्या महिन्यात शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिका बाईंनी दप्तरखोली उघडून दिली. वाळवीनं बरंच खाल्लंय, पण १९७२-७३ च्या आठवीचा कॅटलॉग धड आहे, पुठ्ठा तांबडाच, शिवणीत खडीची बारीक भुकटी. वर्गशिक्षकांच्या अक्षराखाली नोव्हेंबरपासून सरांचं अक्षर सुरू होतं. रोज बारानंतरची हजेरी, समासात एकच शब्द, 'बांधावर'.

मी माझी ओळ काढली. इथं एक कबुली द्यायची आहे. फेब्रुवारीत मला त्या शाळेचा कंटाळा आला होता. आई भाकरी सोडायची तेवढ्यात मी भरावाच्या पलीकडं जाऊन ओघळीत आडवा व्हायचो आणि फळा उचलल्यावर उठायचो. पाऊणशे पोरांत कुणाला कळतंय! सर कधी बोलले नाहीत, आईला सांगितलं नाही, कान धरला नाही. त्यांच्या ध्यानातच आलं नाही असं मी जवळजवळ पन्नास वर्षं धरून चाललो होतो.

फेब्रुवारीच्या पानावर माझ्या नावापुढं बारीक अक्षरात 'गै' लिहिलेलं आहे. चष्मा पुसून बोटानं मोजलं. अकरा वेळा. पुन्हा मोजलं, आणि ते दिवस आठवून बघितले. अकराच होते.