तुम्ही विचारलंत म्हणून: तो प्रचारच होता ना?

व्याख्यान संपलं की दोन-तीन प्रश्नांनंतर हा येतोच. "मॅडम, परदेशी रेडिओच्या हिंदी सेवेत तुम्ही इतकी वर्षं काढलीत. तो प्रचारच होता ना? मग आता दक्षिण आशियाच्या सुरक्षेवर तटस्थपणे कसं लिहिता?" दिल्लीत विचारतात तेव्हा रोख 'परदेशी'वर असतो, बाहेर विचारतात तेव्हा माझ्या भारतीय असण्यावर. एकदा तर एकाच दुपारी दोन्ही ऐकून घेतलं.

माझं उत्तर ठरलेलं असायचं. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधी गेल्याचं बीबीसीनं आकाशवाणीच्या कितीतरी तास आधी सांगितलं, मग लपवाछपवी कुणाची? टाळ्या मिळायच्या. खोट एवढीच, की त्या उत्तरात मी कुठेच नव्हते. तेव्हा मी नोकरीलाही लागले नव्हते.

पैसा सरकारी होता, हो. शीतयुद्धात पूर्व युरोपसाठी चालणाऱ्या रेडिओ फ्री युरोपला अमेरिकेच्या सीआयएनं दोन दशकं पोसलं, हेही ठाऊक आहे. पण 'असं लिहा' असा फोन मला वरून कधीच आला नाही. एकदाही नाही. आणि माझी अडचण तिथेच आहे.

मे १९९८. पोखरणला ११ तारखेला तीन चाचण्या झाल्या, १३ ला आणखी दोन. १३ चं रात्रीचं बुलेटिन माझं होतं. एजन्सीची इंग्रजी कॉपी समोर, ती हिंदीत करायची आणि माइकवर वाचायचीही मीच. हे दोन स्फोट इतके लहान, की बाहेरच्या भूकंपमापकांवर ते उमटलेच नाहीत. भारत सरकार म्हणतं, एवढाच आधार. मी लिहिलं, "भारत ने दो और परीक्षण किए."

२८ मेला पाकिस्ताननं चागाईत स्फोट केले. त्याच्या लहरी दूरदूरच्या केंद्रांवर नोंदल्या गेल्या. मी लिहिलं, "पाकिस्तान का पाँच परीक्षणों का दावा."

तीनेक आठवड्यांनी बिहारमधल्या एका श्रोत्याचं पत्र आलं. वहीचा फाडलेला कागद, माझी दोन्ही वाक्यं एकाखाली एक, तारखेसकट. समोर रेडिओच्या कोणत्या मीटर बँडवर ऐकलं तेसुद्धा लिहिलेलं. 'दावा'खाली लाल शाईच्या दोन रेघा. आणि शेवटी एवढंच: "बहनजी, ऐसा क्यों?"

आता माझी बाजू ऐका. पाच स्फोट एकदम केले तर दूरच्या यंत्रावर एकच धक्का दिसतो, आकडा पडताळता येत नाही. म्हणजे 'दावा' बरोबरच होता. आजही तोच लिहीन. चुकला असेल तर १३ तारखेचा 'किए'. पण तो लिहिताना हात अडखळला नाही, संपादकानंही हटकलं नाही. त्या खोलीत प्रचार करायला कुणी आलंच नव्हतं. आम्हीच होतो.

त्या माणसाला मी छापील पोच पाठवली. 'आपके पत्र के लिए धन्यवाद.' चार ओळी हातानं लिहायला काय झालं होतं? काम होतं, म्हणायची मी स्वतःला. काम नव्हतं.

पुढे नोकरी सोडली, संकटकाळातल्या प्रसारणावर पीएचडी केली, शिकवायला लागले. त्या पत्राबद्दल गाइडनाही सांगितलं नाही. लोक म्हणतात, माध्यमातून अभ्यासाकडे वळलात. वळले कसली, सुटले असं वाटलं होतं.

परवा वर्गात १९८८ चा भारत-पाकिस्तान करार शिकवत होते, एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून खंड नाही, कारगिलनंतरच्या जानेवारीतही नाही. याद्या जाहीर मात्र होत नाहीत. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग त्या पूर्ण आहेत कशावरून?" मी म्हटलं, "दोन्ही सरकारं म्हणतात म्हणून."

घरी टेबलावर माझ्याच लेखाचं प्रूफ पडलंय. त्यात मी लिहिलंय, 'सर्व प्रकल्पांच्या याद्या देतात.' 'सर्व'वर पेन्सिलीनं गोल केलाय. प्रूफ अजून परत गेलेलं नाही.